मूठभर जुना कापूस

१

गादी बघून मी माणूस ओळखते. यात फुशारकी नाही. तीस वर्षं हाच धंदा केला की कुणालाही जमेल. दुरुस्तीला आलेली गादी ओट्यावर पसरायची, खोळीवरून तळवा फिरवायचा, की खड्डे आपोआप बोलायला लागतात. उताणं झोपणाऱ्याचा खड्डा लांब आणि उथळ. कुशीवर झोपणाऱ्याचा कमरेपाशी खोल. नवरा-बायकोचं बिनसलं असेल तर दोन खड्डे दोन कडांना आणि मध्ये कापूस फुगून उभा. एकदा समोरच्या शिंप्याला मी सहज विचारलं, "बायको माहेरी गेलीय ना? मग पाहुणे कोण आलेत?" तर तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. तेव्हापासून दिसतं ते सगळं मी सांगत नाही.

दुकान वडिलांचं. त्यांनी मला दोन गोष्टी घोटून घोटून शिकवल्या. जुना कापूस फेकायचा नाही. पिंजून नव्यात मिसळायचा, आणि असा मिसळायचा की नंतर कुणी शोधायला बसलं तरी सापडता कामा नये. आळशी कारागीर जुना कापूस कोपऱ्यात कोंबतात आणि वर्षभरात तिथे गोळा होतो. माझ्या गादीत आजवर गोळा झालेला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे स्वतः निजून बघितल्याशिवाय गादी दुकानाबाहेर सोडायची नाही. घड्याळ लावून दहा मिनिटं. लहानपणी मी कुरकुर करायचे, तर वडील म्हणायचे, "त्या माणसाला जन्म काढायचाय तिच्यावर. तुला दहा मिनिटं जड होतात होय?"

दुकानाच्या वर दोन खोल्या. तिथे मी आणि माझी धाकटी बहीण. दोघींचीही लग्नं झाली नाहीत, आणि आता कुणी विचारतही नाही. ती टपाल कचेरीत खिडकीवर बसते आणि संध्याकाळी घरी येऊन रांगेतल्या माणसांच्या हुबेहूब नकला करते. तिचं खरं नाव घरात कधी कुणी घेतलं नाही. ती भिंगरी. झोपेत ती जागच्या जागी गरगर फिरते, म्हणून. लहानपणी आम्हाला एकच गादी होती. रात्रभर तिचा एक पाय माझ्या पोटावर, एक हात माझ्या तोंडावर, आणि वर पुन्हा गुन्हा माझाच असल्यासारखी ती झोपेत म्हणायची, "ताई, सरक ना." मी सरकायचे. सरकत सरकत पाठ भिंतीला लागायची. मग उजव्या कुशीवर वळायचं, भिंतीकडे तोंड करायचं आणि झोपायचं. आज चोपन्नाव्या वर्षीही मी तशीच झोपते, जरी आता दोघींच्या गाद्या वेगळ्या आहेत.

२

बाईसाहेबांना आमच्या शहरात न ओळखणारं माणूस नाही. तीन कापडगिरण्या असलेल्या बापाची ही एकुलती एक मुलगी. एकोणिसाव्या वर्षी बाप गेला आणि सगळं हिच्या पदरात पडलं. दुसरी कुणी असती तर हिऱ्या-मोत्यांत लोळली असती. हिने गिरण्या विकल्या आणि साठ वर्षं नुसतं वाटलं. मुलींची शाळा, वाचनालय, नदीवरचा पादचारी पूल, वृद्धांसाठी बागेतली बाकं. त्यांनी लग्न केलं नाही. फोटो काढू दिला नाही. कोनशिलेवर नाव घालू दिलं नाही.

त्यांची एकच खोड सगळ्या शहराला माहीत होती, आणि लोक ती कौतुकानं सांगायचे. त्या कोरी वस्तू दान करत नसत. शाळेची बाकं आधी महिनाभर त्यांच्या दिवाणखान्यात होती, आणि एकेका बाकावर त्या स्वतः बसल्या होत्या म्हणे. वाचनालयाच्या खुर्च्यांचंही तसंच. लोक म्हणायचे, याला म्हणतात दान, तपासून घेतलेलं. रविवारी मी वाचनालयात जाते. तिथे सगळेजण डावा पाय दुमडून, मांडीखाली घेऊन बसतात. मीही बसते. खुर्च्यांची उंची चुकली असावी असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

गेल्या वर्षी भिंगरीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "बाईसाहेबांचा बायकांचा नवा वॉर्ड उघडतोय. तिथे खाट मिळाली तर पहिल्याच आठवड्यात ऑपरेशन करू. नाहीतर आठ महिन्यांची रांग आहे. आणि खरं सांगायचं तर आठ महिने तुमच्याकडे नाहीत."

भिंगरीने बाहेर येताच त्यांची नक्कल केली. मान खाली, चष्मा नाकावर. मी हसले आणि जिन्यात कठड्याला धरून रडले.

त्यानंतर आठ दिवसांनी बाईसाहेबांच्या मोठ्या घराचे कारभारी दुकानात आले. सरळ, कोरडा माणूस, बोलताना छत्रीचा दांडा चोळणारा. "नव्या वॉर्डासाठी चाळीस गाद्या हव्यात. बाईसाहेबांना तुम्हीच करायला हव्या आहेत," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "एक खाट तुमच्या बहिणीसाठी धरून ठेवलीय."

मी मोठ्या घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण दवाखान्यातल्या बातम्या पसरतातच, मी स्वतःला म्हटलं. शिवाय त्या दिवशी मला कुणी चारशे गाद्या सांगितल्या असत्या तरी मी हो म्हटलं असतं.

३

बाईसाहेबांच्या खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि अर्धवट ओढलेला पडदा, एवढंच होतं. इतक्या श्रीमंत बाईची खोली इतकी उघडी असेल असं मला वाटलं नव्हतं. त्या खाटेच्या कडेला बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातली, चिमूटभर जीव असलेली बाई. बोलण्याआधी त्या उजव्या तळव्यानं चादर सारखी करायच्या. एकदा, दोनदा, तीनदा. मग तोंड उघडायच्या.

"ही गादी उसवा," त्या म्हणाल्या. "चाळीसच्या चाळीस गाद्यांत हिच्यातला मूठभर कापूस घाला."

"दबलेला आहे हो तो, बाईसाहेब. आजारी बायकांच्या पाठीला नवा कापूस बरा."

"मूठभरच. दुधाला विरजण लावतात तेवढा."

"पण कशासाठी?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण माझी जीभ धंद्याच्या बाबतीत आवरत नाही.

त्यांनी तीनदा चादर सारखी केली. "कोरी वस्तू दिली की ती घेणाऱ्याची होते. मग माझं काय उरलं? माझ्यामागं कुणी नाही. जे दिलं त्यात मी असायला हवी." हे त्या इतक्या साधेपणानं बोलल्या की मला त्यांची खरोखर दया आली. इतकं देऊनही या बाईला रिकामं वाटतंय, असं मनात आलं.

मग त्यांनी विचारलं, "तुमची बहीण कशी झोपते?"

दुसऱ्या कुणाला हा प्रश्न चमत्कारिक वाटला असता. मला आनंद झाला. आमच्या धंद्यातला प्रश्न आजवर मला कुणी विचारलाच नव्हता. मी सुटलेच. भिंगरीचं गरगर फिरणं सांगितलं, लाथा सांगितल्या, 'ताई, सरक ना' सांगितलं. बाईसाहेब हसल्या. दात नसलेलं, मोकळं हसू. "सरक ना," त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, "सरक ना." नवी चप्पल पायात घालून चार पावलं टाकावीत तसं त्यांनी ते तोंडात घालून पाहिलं. "मी जन्मात कुणाला असं म्हटलं नाही. माझ्याशेजारी कुणी नव्हतंच."

कारभाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि मी चादर काढली. डावी कूस, गुडघे पोटाशी, एक हात गालाखाली. लहान मुलीसारखं मुटकुळं. ते ठीक होतं. पण खड्डा खोल होता. मी हात घातला तर कोपरापर्यंत गेला. त्या बाईचं वजन चाळीस किलोसुद्धा नसेल. असा खड्डा पडायला एकाच जागी, एकाच कुशीवर, कितीतरी माणसं झोपायला हवीत.

साठ वर्षांची गादी असेल, मी म्हटलं. मग खोळीची कड उलटली. तिथे माझाच टाका होता. अकरा वर्षांपूर्वी कारभाऱ्यांनी नेलेली गादी ती.

४

चाळीस गाद्यांना तीन आठवडे लागले. मी त्या कापसाची मूठ कोपऱ्यात कोंबून मोकळी होऊ शकले असते. कुणाला कळलं असतं? पण हाडाची सवय. प्रत्येक मूठ मी सुटी केली, नव्या कापसाबरोबर दोनदा पिंजली, थरांमध्ये बोटांनी पसरली. इतकं सुंदर काम मी पूर्वी कधी केलं नव्हतं, कारण त्यातल्या एका गादीवर भिंगरी झोपणार होती, आणि कुठली ते मला माहीत नव्हतं.

आणि प्रत्येक गादीवर मी दहा मिनिटं निजले. चाळीस वेळा.

गाद्या न्यायला गाडी येणार त्या सकाळी मी चळत उतरवली. मधली एक गादी ओट्यावर उलगडली आणि हात थबकला. कमरेपाशी खड्डा. गुडघ्यांचा खड्डा. डाव्या कुशीचा. या गादीवर माझ्या दहा मिनिटांखेरीज कुणी पाठ टेकली नव्हती, आणि मी तर उजव्या कुशीवर झोपते.

चळतीचं वजन पडलं, मी म्हटलं. वरून हवा दमट. छडी घेऊन मी तिला बडवलं, कापूस वर आला, ती सपाट झाली. हात-पाय धुऊन परत आले तर खड्डा होता तिथे होता.

गाडीवाला बाहेर भोंगा वाजवत होता. मी गादी उलटी केली, तिच्यावर दुसरी ठेवली आणि दोरी आवळली. उलटी घातली की झालं, असं मी त्याला मोठ्यानं म्हटलं. त्याने काही विचारलं नव्हतं.

५

ऑपरेशन छान झालं. गाठ गेली. डॉक्टरांनी या वेळी कागदावरून नजर उचलली आणि हसलेसुद्धा. सहा आठवडे अंथरुणावर, मग घरी. मी रोज चार वाजता, भेटीच्या वेळी जायचे. भिंगरी पहिले काही दिवस ग्लानीत होती. मग शुद्धीत आली, पण गप्प असायची. दुखत असेल, मी म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात एका कागदावर सही हवी होती म्हणून मला दुपारी दोनला बोलावलं. वॉर्डात जेवणानंतरची सामसूम होती. पांढऱ्या भिंती, वीस खाटा इकडे, वीस तिकडे, उंच खिडक्यांतून सारखं ऊन. सगळ्या बायका झोपल्या होत्या. मी दारातच उभी राहिले.

चाळीसच्या चाळीस डाव्या कुशीवर. गुडघे पोटाशी, हात गालाखाली. माझ्या भिंगरीसकट, जी आयुष्यात कधी पाच मिनिटं एका कुशीवर राहिली नव्हती.

"ऑपरेशननंतर आम्हीच सांगतो कुशीवर झोपायला," नर्स मागून येऊन म्हणाली. "टाक्यांवर ताण येत नाही."

"आणि ती?" दाराजवळच्या खाटेवर एका म्हातारीचा डावा खांदा प्लास्टरमध्ये होता. त्याच खांद्यावर सगळा भार टाकून ती शांत झोपली होती.

"तिला शंभरदा सांगितलं," नर्स म्हणाली. "ऐकतच नाही. चांगल्या गाद्या आहेत बाई तुमच्या. कुणी रात्रीतून एकदाही कूस बदलत नाही."

तेवढ्यात वाऱ्यानं एक खिडकी आपटली. कुणी जागं झालं नाही. फक्त झोपेतच सगळ्यांचे हात गालाखालून निघाले आणि चादरीवरून फिरले. एकदा, दोनदा, तीनदा. मग पुन्हा गालाखाली गेले. नर्स खिडकी लावायला गेली होती. तिची पाठ होती.

मी भिंगरीच्या खाटेशी कशी पोचले आठवत नाही. तिने डोळे उघडले, तळव्यानं चादर सारखी केली आणि म्हणाली, "आलात? बसा ना."

मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्यानं हसले. नक्कल! बया नक्कल करतेय. "हुबेहूब!" मी म्हटलं. "अगदी हुबेहूब गं. पण तू बाईसाहेबांना पाहिलंस कधी?"

भिंगरी नक्कल संपल्यावर नेहमी फिस्सकन हसते. मी त्या हसण्याची वाट बघत राहिले. तिने माझ्याकडे गोड, परक्या नजरेनं पाहिलं.

"ती गादी उसवताना," ती म्हणाली, "तुमचा हात कुठवर गेला होता?"

६

दुसऱ्या दिवशी तिला तपासणीला नेलं तेव्हा मी पिशवीतून कात्री आणि दाभण काढलं. गादीची एक बाजू उसवली आणि हात आत घातला. एक मूठ कापूस. तेवढा काढून खिडकीतून फेकला की संपलं. मी चाचपत राहिले. कडा, कोपरे, मध्य, पायथा. कुठेही गोळा लागला नाही. सगळीकडे एकसारखा, मऊ, जिवंत कापूस. मी केलेला.

वडील असते तर पाठ थोपटली असती. मी कोपरापर्यंत हात आत घालून तिथेच बसले होते, आणि तोंडातून आवाज न काढता रडत होते.

"गादीवाल्या बाई, हे काय चालवलंय?" नर्स ओरडली.

"टाका सुटला होता," मी म्हटलं. तिच्यादेखत पुन्हा शिवून दिलं. टाके वाकडे पडले. माझ्या हातचे तेवढेच वाकडे टाके.

त्याच संध्याकाळी मी हातगाडीवर घालून भिंगरीची घरची जुनी गादी आणली, नर्सच्या हातापाया पडून बदलून घेतली. ती गादी तर तिच्या लाथांनी जागोजागी उसवलेली, खड्ड्यांनी भरलेली. मला वाटलं, तिचं अंग तिला ओळखेल. तीन दिवसांत ती गुळगुळीत झाली. चौथ्या दिवशी डाव्या कुशीचा खड्डा दिसायला लागला.

सहा आठवड्यांनी मी तिला घरी आणलं. अंगावर मूठभर मांस आलेली, गालांवर रंग असलेली, चालती-बोलती बहीण. शेजारणी म्हणाल्या, देवानं परत दिली. मी तिच्यासाठी जिन्यात हात पुढे केला तर ती म्हणाली, "तुम्हाला उगाच त्रास."

७

मी मोठ्या घरी गेले ते भांडायला. काय बोलायचं ते वाटेत घोकत होते आणि प्रत्येक वाक्य वेडगळ वाटत होतं. तुमचा कापूस परत घ्या? माझी बहीण नीट झोपते, तिला बिघडवा? डॉक्टर म्हणतात मोठ्या ऑपरेशननंतर माणसं बदलतात, हळवी होतात, अलिप्त होतात. भिंगरी मरणाच्या दारातून आली होती. आणि मी तीन महिने धड झोपले नव्हते. अशी बाई चादरीच्या सुरकुत्यांतही काहीतरी वाचेल.

कारभारी दारातच भेटले. छत्री नव्हती, म्हणून ते स्वतःचाच अंगठा चोळत होते. "बरं झालं आलात," ते म्हणाले. "बाईसाहेबांचं काही कळेनासं झालंय. पंधरा दिवस झाले, एकसारख्या ताईला हाका मारतात. त्यांना कुठली आलीय ताई?"

दुपारचं ऊन त्या अर्ध्या पडद्यातून खाटेवर पडलं होतं. बाईसाहेब खाटेवर आडव्यातिडव्या पसरल्या होत्या. डोकं पायथ्याशी, एक पाय उशीवर, एक हात खाली लोंबत. चादर पायांनी चुरगाळून भिंतीला नेलेली. कपाळावर घाम, तोंड उघडं, घोरणं. कामवाली बाई कंटाळून म्हणाली, "सरळ करावं तर पाच मिनिटांत पुन्हा फिरतात. मला लाथ मारली काल."

मी खाटेच्या कडेला टेकले. त्यांनी डोळे न उघडता भुवया आकसल्या, आणि गुन्हा माझाच असल्यासारख्या म्हणाल्या, "ताई, सरक ना."

हे मीच सांगितलं होतं. याच खोलीत, याच बाईला, हसत हसत. एकट्या म्हातारीनं एक गोष्ट ऐकली, ती मनात धरली, आता वातात तेच बरळतेय. यात न समजण्यासारखं काय आहे? मी असं स्वतःशी बजावलं आणि उठायला लागले.

तेव्हा त्यांनी आपले दोन्ही तळपाय माझ्या पोटरीला टेकवले. आधी डावा, मग उजवा. बर्फासारखे गार. आणि पायाच्या अंगठ्यानं एक बारीक चिमटा काढला, बरोबर गुडघ्याच्या मागे.

हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. थंडीत भिंगरी माझ्या पोटऱ्यांवर पाय शेकायची आणि मी ओरडू नये म्हणून वर चिमटा काढायची. ते आम्हा दोघींच्या पांघरुणाआतलं होतं.

८

धाकटी आता कामावर जाते. खिडकीवरच्या रांगेत तिची वाहवा आहे. सगळ्यांशी आदरानं बोलते, कुणाची नक्कल करत नाही. आजकाल ती वस्तू देते. शाल आठवडाभर स्वतः गुंडाळून बसते आणि मग शेजारच्या म्हातारीला नेऊन देते. चपला, कंगवा, पाण्याचा तांब्या. समोरचा शिंपी परवा मला म्हणाला, "बहीण देवमाणूस आहे हो तुमची." त्याने तिच्याकडून उशी घेतलीय. मी त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार?

दोन ते चार मी दुकान बंद ठेवते आणि मोठ्या घरी जाते. कारभाऱ्यांनी विचारणं सोडलंय. मी त्या खाटेवर भिंतीच्या बाजूला आडवी होते, आणि ती ऐंशी वर्षांची बाई माझ्या अंगावर पाय टाकून ढाराढूर झोपते. मला लाथा बसतात. त्या दोन तासांत मी सुखी असते, हे लपवून काय करू. डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत, हृदय थकलंय. मी त्यांना विचारलं, काही करता येईल का? ते म्हणाले, या वयात काय करणार, भरपूर जगल्या, पुण्य केलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की हिचं वय अठ्ठेचाळीस आहे. हिला मी वाचवायला आणलं होतं.

आज सकाळी मी माझं अंथरूण आवरलं. सवयीनं गादीवर नजर गेली. उजव्या कुशीचा माझा जुना खड्डा भरून आला होता. त्याच्या पाठीशी, भिंतीपासून लांब, डाव्या कुशीचा नवा. गुडघे पोटाशी. चाळीस गुणिले दहा मिनिटं. मी बघत उभी राहिले तेव्हा माझा तळवा चादरीवरून फिरत होता, आणि मला ते तिसऱ्यांदा फिरल्यावर लक्षात आलं.

दुपारी मोठ्या घरी गेले. भिंतीकडच्या बाजूला आडवी झाले. डोळा लागला असावा. कुणीतरी झोपेत म्हणालं, "ताई, सरक ना."

मी डोळे उघडले. शेजारी एक म्हातारी बाई होती, तोंड उघडं, केस विस्कटलेले. ही कोण, आणि मला अशी एकेरी का बोलते, मला कळेना. मला राग आला. मी चादर सारखी करायला हात उचलला.

मग गार तळपाय पोटरीला टेकले. आधी डावा, मग उजवा.

"सरकते गं," मी म्हटलं, आणि पाठ भिंतीला लागेपर्यंत सरकले.